सातव्या वर्षीचा ईईजी आणि तेराव्या वर्षीचा ईईजी

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. सातव्या वर्षी झोपेत तोंडाची एक बाजू ओढली गेली, लाळ गळली, त्याला सगळं समजत होतं पण बोलता येईना. ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीत, दोष निघाला. दोन वर्षं गोळ्या दिल्या, मग डॉक्टरांनीच बंद केल्या. त्यानंतर एकही झटका नाही. आता अभ्यासात लक्ष लागत नाही आणि सकाळी उठत नाही म्हणून एका सेंटरमध्ये 'ब्रेन मॅपिंग' करून घेतलं. जुना रिपोर्ट शेजारी ठेवून त्यांनी सांगितलं की लहरींची उंची जवळपास निम्म्यावर आली आहे, डेल्टा आणि थीटाची ताकद घटली आहे, मेंदूच्या मागच्या भागात अधूनमधून संथ लहरी आहेत. म्हणजे मेंदू कमजोर होतो आहे, ४० सिटिंग घ्याव्या लागतील. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो, माहेर काटोलचं. काय करावं?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही ओळींत मला आजार दिसत नाही. मला त्यात सहा वर्षं दिसतात. सातव्या आणि तेराव्या वर्षी एकाच मुलाचे ईईजी हुबेहूब सारखे आले असते, तर मी खुर्चीत सरसावून बसलो असतो. पैसे द्यायची घाई करू नका. प्रत्यक्ष रेकॉर्ड मी पाहिलेलं नाही, तुम्ही उतरवलेल्या वाक्यांवरून बोलतो आहे, एवढं लक्षात ठेवा. पण एक गंमत तुमच्याही ध्यानात आली असेल. डेल्टा म्हणजेच संथ लहर, थीटा तिच्याहून थोडी जलद. ती कमी झाली म्हणून घाबरवायचं आणि ती मागच्या भागात दिसते म्हणूनही घाबरवायचं. दोन्हीकडून पावती फाडायची तयारी आहे.

मी धंतोलीत लहान मुलांच्या मेंदूविकारांचं काम करतो, त्याला तीस वर्षं होत आली. सुरुवातीला आमचं मशीन कागदावर शाईनं लिहायचं. मे महिन्यात पेनाच्या बारीक नळीत शाई सुकायची आणि एखादं चॅनेल मध्येच मुकं व्हायचं. खोलीत कूलर लावला तर विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट कागदावर उतरायचा. कूलर बंद केला तर लेकरू घामानं भिजायचं आणि घामाचीच एक लांबलचक संथ लहर उमटायची. नवखा डॉक्टर तिला मेंदूची लहर समजून बसायचा. कागदावर उमटलेली प्रत्येक रेघ मेंदूची नसते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी नागपूरच्या उन्हाळ्यानं शिकवलं.

ईईजी नेमकं काय मोजतो? डोक्याच्या कातडीवर ठरलेल्या जागी २१ तारा चिकटवतात. या जागा ठरवण्याची पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडली, आजही तीच चालते. त्या तारा मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, वीज मोजतात. एका पेशीची कुजबुज कवटीबाहेर येतच नाही. लाखो पेशी एका तालात चालल्या, तरच बाहेर रेघ हलते. म्हणून रेघेची उंची मेंदूची 'ताकद' दाखवत नाही. किती पेशी एकसाथ, एका सुरात आहेत, हे ती दाखवते.

पहिलीच्या वर्गात पोरं पाढे म्हणतात तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत येतो. बे एके बे, बे दुणे चार. पन्नास गळे, एक सूर. त्याच शाळेच्या दहावीच्या वर्गाबाहेर उभे राहा. कोणी गणित सोडवतं आहे, कोणी शेजाऱ्याला काही विचारतं आहे, कोणी नकाशा भरतं आहे. बाहेर नुसती गुणगुण. काम कुठल्या वर्गात जास्त चाललं आहे? आवाजाच्या मापानं मोजाल तर पहिली दहावीच्या पुढे जाईल. तुमच्या सेंटरवाल्यांनी नेमकं तेच मोजलं आहे.

आता वयाप्रमाणे काय काय बदलतं ते सांगतो. बाळाच्या रेघेत काही महिने तर ओळखीचा तालच नसतो. तीन-चार महिन्यांचं बाळ डोळे मिटून जागं असेल तर डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण ३ ते ४ लहरींचा ताल दिसू लागतो. वर्षाच्या मुलात तो ५-६ वर जातो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलं ८ गाठतात, सात ते नऊ वर्षांच्या दरम्यान ९, आणि दहा ते पंधराच्या दरम्यान कधीतरी १०. मग पुढं बरीच वर्षं तो तिथेच ठाण मांडतो. याला आम्ही मागचा प्रमुख ताल म्हणतो. ८ च्या वर गेला की त्यालाच अल्फा हे नाव मिळतं.

हा ताल पहिल्यांदा माणसात टिपला जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी. पहिलं रेकॉर्डिंग १९२४ चं, पण माणसानं पाच वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. १९२९ मध्ये छापलं, तेव्हाही पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या त्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये एक डोकं होतं त्यांच्या स्वतःच्या मुलाचं, क्लाउसचं, आणि तो तेव्हा किशोरवयीन होता. जगातल्या पहिल्यावहिल्या अल्फा लहरींपैकी काही एका वाढत्या पोराच्या आहेत, हे मला फार आवडतं.

ताल मोजायची पद्धत साधी आहे. मूल जागं, डोळे मिटलेले. एक सेकंदाची चौकट घ्यायची आणि लहरी मोजायच्या. संगणक आकडा देतो, तरी मी अजून बोटानं मोजतो. पेंगुळलेल्या मुलाचा ताल एक-दीडनं उतरतो. तो आकडा रिपोर्टात गेला की 'मंद' असा शिक्का बसतो, आणि आई-बापांच्या कानात त्याचा अर्थ वेगळाच होतो. मंद लहर आणि मंद मूल यांचा संबंध लावू नका. आठ वर्षांचं, पूर्ण जागं असलेलं मूल ८ च्या खालीच राहिलं तर मात्र आम्ही कारण शोधतो.

तुमच्या मुलाचा ताल जुन्या रिपोर्टात किती आणि नव्यात किती, तेवढं बघा. ९ चा १० झाला असेल तर त्याचा मेंदू वेळेवर चालला आहे.

उंचीचं बोलू. शाळकरी वयात मागच्या तालाची उंची ५० ते १०० मायक्रोव्होल्टपर्यंत सहज जाते, उजवीकडे डावीपेक्षा किंचित जास्त. मोठ्या माणसात ती पुष्कळ उतरते. थोडं कारण कवटीचं आहे. हाड जाड होतं, आतला आवाज बाहेर कमी येतो. पण मोठं कारण आतलं आहे, आणि त्यासाठी तुमच्या माहेरी जावं लागेल.

काटोलच्या माणसाला संत्र्याच्या बागेतली सल काढणं समजावून सांगायची गरज नाही. वाळक्या काड्या ठेवल्या तर झाड दाट दिसतं, पण फळ नीट धरत नाही. मेंदूतही लहानपणी पेशींच्या आपसातल्या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त होतात. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजल्या, तेव्हा लहान मुलांत त्या मोठ्यांपेक्षा खूप जास्त निघाल्या आणि वाढत्या वयात त्या उतरत गेल्या. बागेशी तुलना एका जागी लंगडी पडते. सल ही मेलेली काडी असते. मेंदू मात्र जिवंत जोडण्या काढतो, ज्या कमी वापरात आहेत त्या. उरलेल्या वाटांवर चरबीचं वेष्टण चढतं आणि निरोप झपाट्यानं जातो. हे काम मागून पुढे सरकतं. पाहण्याचा भाग आधी, आणि विचार करून थांबण्याचा, 'आता नको, नंतर' म्हणण्याचा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी. तेरा वर्षांच्या पोरावर ओरडताना हा क्रम आठवायला हरकत नाही. मला स्वतःला आठवत नसे, माझा मुलगा त्या वयाचा होता तेव्हा.

हॅरी चुगानी यांनी १९८७ मध्ये मुलांचा मेंदू किती साखर जाळतो ते स्कॅननं मोजलं. साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट दरानं साखर वापरतो, आणि सोळा-अठरापर्यंत तो दर मोठ्यांइतका खाली येतो. जोडण्या कमी होतात, खर्च कमी होतो, लहरींची उंचीही उतरते. तिन्ही आलेख एकाच वयात एकाच दिशेला वळतात.

सगळ्यात ठळक उतार झोपेत दिसतो. गाढ झोपेत लहान मुलाच्या रेघेवर प्रचंड डेल्टा लहरी असतात. कागदाच्या काळात एका चॅनेलचं पेन शेजारच्या पेनावर आपटायचं, इतक्या उंच. अमेरिकेत अर्विन फाइनबर्ग आणि इयन कॅम्पबेल यांनी तीच ती मुलं वर्षानुवर्षं, दर सहा महिन्यांनी, त्यांच्याच घरी झोपवून तपासली. नवव्यापासून अकराव्या वर्षापर्यंत डेल्टाची शक्ती फारशी हलली नाही. त्यानंतर सोळा-साडेसोळापर्यंत ती सुमारे दोन-तृतीयांशानं खाली आली. मुलींमध्ये हा उतार थोडा आधी सुरू होतो. थीटा त्याहीआधी उतरायला लागते. गाढ झोपेतल्या लहरींचा जोर डोक्याच्या ज्या भागावर सर्वांत जास्त असतो, तो भागही वयाबरोबर मागून पुढे सरकत जातो. फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडलं होतं की हा उतार म्हणजे मेंदूतली छाटणी बाहेरून दिसते आहे.

म्हणून ताई, 'डेल्टा-थीटाची ताकद घटली' हे वाक्य खरं आहे. त्यापुढचं 'म्हणजे मेंदू कमजोर' हे पदरचं आहे.

आता मागच्या भागातल्या संथ लहरी. यांच्याबद्दल जरा थांबून लिहितो, कारण या लहरींनी जितकी मुलं विनाकारण गोळ्यांवर गेली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं गेली असतील. मागच्या अल्फा तालात मध्येच एखादी रुंद लहर येते, सेकंदाला तीन-चारच्या गतीची, आणि तिच्या अंगावर नेहमीचा ताल स्वार झालेला असतो. आम्ही तिला तारुण्याची संथ लहर म्हणतो. दोन वर्षांच्या आत ती सहसा नसते, आठ ते चौदा या वयात सर्वांत जास्त आढळते आणि विशीनंतर विरळ होते. तुमचा मुलगा तेरा वर्षांचा. ती त्याच्यात दिसणार नाही तर कोणात दिसणार?

खरी-खोटी ओळखायची खूण एकच. डोळे उघडायला सांगायचं. अल्फा ताल विझतो आणि त्याच्यासोबत ही लहरही विझते. डोळे उघडे असतानाही ती तशीच राहिली, किंवा एकाच बाजूला राहिली, तर ती तारुण्याची नव्हे. मग स्कॅन करावा लागतो. आपल्या भागात गाठ म्हटलं की क्षयाची किंवा फीतकृमीची गाठ आधी मनात येते. म्हणून रिपोर्टात 'डोळे उघडल्यावर लहरी थांबतात' असं लिहिलेलं आहे का, ते शोधा. लिहिलं नसेल तर विचारा. तपासणाऱ्यानं डोळे उघड-मीट करायलाच लावलं नसेल, तर त्या तपासणीला मी ईईजी म्हणणार नाही.

दीर्घ श्वासाचीही अशीच गोष्ट आहे. तपासणीत मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास सोडायला लावतात. लहान असेल तर कागदाची भिंगरी हातात देतो, तो फुंकत राहतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांत या वेळी पूर्ण पडदा भरून उंच संथ लहरी येतात. पाहणारा घाबरेल अशा. श्वास पूर्ववत झाला की मिनिटभरात त्या ओसरतात. मूल उपाशी असेल तर त्या आणखी वाढतात आणि लवकर जात नाहीत, म्हणून ईईजीला मुलाला उपाशी आणू नका. 'टेस्ट आहे म्हणून काही खाऊ घातलं नाही' असं म्हणत लोक छिंदवाड्याहून, गोंदियाहून पहाटेच्या गाडीनं लेकरू घेऊन येतात, आणि मी आधी त्यांना खाली पोहे खायला पाठवतो.

माझीही एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांतली. पाच वर्षांची मुलगी, तापात एकदा चक्कर येऊन पडलेली. ईईजीत झोप लागता लागता दोन्हीकडून एकदम उंच लहरींचा लोंढा आला, सेकंदाला चारच्या गतीनं, मध्ये काही टोकदार वाटणारे तुकडे. मी मिरगीचा शिक्का मारला आणि गोळी सुरू केली. सहा-सात महिने पोर पेंगत राहिली, बालवाडीत मागे पडली. मग मी तो कागदाचा गठ्ठा घेऊन माझ्या गुरूंकडे गेलो. त्यांनी पहिलं पानही पूर्ण उलटलं नाही. म्हणाले, 'ती झोपायला चालली होती रे, तिला झोपू द्यायचं होतंस.' तीन महिन्यांच्या बाळापासून बारा-तेरा वर्षांपर्यंत पेंग येताना असे लोंढे येतात, चार ते नऊ वर्षांत तर फारच. अकरा-बाराच्या पुढे ते विरत जातात. हलक्या झोपेत माथ्यावर टोकदार लहरी येतात, त्याही मुलांत इतक्या तीक्ष्ण असतात की डोळा फसतो. मी गोळी बंद केली, आई-वडिलांची माफी मागितली. आईनं एवढंच विचारलं, 'मंग काहून दिली होती जी?' उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाकीच्या वयानुसार येणाऱ्या पाहुण्यांची नुसती हजेरी घेतो. चित्रं पाहताना मागच्या भागात दिसणाऱ्या लॅम्डा लहरी, तीन ते बारा वर्षांत जास्त. हात हलवला की थांबणारा म्यू ताल, थोड्या मोठ्या पोरांत. पेंगेत येणाऱ्या सेकंदाला १४ आणि ६ च्या छोट्या कमानी, ऐन किशोरवयात. पंधरानंतर झोपेत मागच्या भागात उलट्या शिडासारख्या लहरी. यातलं काहीही रिपोर्टात वाचलंत तरी दचकू नका.

आता तुमच्या मुलाचा जुना दोष. तुम्ही केलेलं वर्णन, म्हणजे झोपेत एक बाजू ओढणं, लाळ, शुद्ध असून वाचा बंद, हे बालवयातल्या एका एपिलेप्सीचं जवळपास पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. तिचे टोकदार ठिपके कानाच्या वर, मध्यभागाजवळ दिसतात आणि झोपेत वाढतात. ती साधारण तीन ते तेरा वर्षांत येते आणि सोळापर्यंत जवळपास सगळ्यांची जाते. जाते म्हणजे गोळीनं बरी होते असं नव्हे. मेंदू त्या वयातून पुढे निघून जातो. ज्या जोडण्यांत ती ठिणगी पडायची त्याच बदलून गेलेल्या असतात. एक पुरवणी जोडतो: कधीच झटका न आलेल्या मुलांपैकीही शंभरात दोन ते चार जणांच्या ईईजीत असे ठिपके सापडतात. ते बघून औषध द्यायचं नसतं. औषध झटक्याला असतं, कागदाला नसतं. तसंच एकदा ईईजी स्वच्छ आला म्हणजे एपिलेप्सी नाहीच, असंही नाही. पहिल्या ईईजीत साधारण निम्म्या रुग्णांतच काही सापडतं.

पण वय एक एपिलेप्सी नेतं तसं दुसरी आणतंही, आणि इथे मात्र तुम्ही लक्ष ठेवावं असं मला वाटतं. बारा ते अठराच्या दरम्यान सुरू होणारी एक किशोरवयीन एपिलेप्सी असते. तिची खूण सकाळी दिसते. उठल्यावर पहिल्या तास-अर्ध्या तासात हात झटक्यानं उडतो. ब्रश पडतो, कंगवा पडतो, चहा सांडतो. मूल शुद्धीवर असतं. भंडाऱ्याकडची एक आई म्हणाली होती, 'सकाळी पोट्टी हातातलं समदं फेकते, अन् म्हणते मी फेकलंच नाही.' दीड वर्ष त्या मुलीनं धांदरटपणाबद्दल बोलणी खाल्ली. मग दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जागली आणि सकाळी मोठा झटका आला. जागरण हे तिचं हक्काचं निमित्त असतं. ईईजीत सेकंदाला चार ते सहाच्या गतीचे टोकांचे पुंजके दिसतात, आणि लखलखत्या दिव्यानं ते काहींत भडकतात. दिव्याची ही संवेदनशीलता किशोरवयातच शिखरावर असते आणि मुलींत जास्त. निदान नीट होणं गरजेचं, कारण इतर एपिलेप्सीत चालणारी कार्बामॅझेपीन हिच्यात उलट झटके वाढवू शकते. तुमच्या मुलाच्या जुन्या एपिलेप्सीचा आणि हिचा एकमेकींशी संबंध नाही, त्याला ती होईल असंही मी म्हणत नाही. फक्त सकाळी हात उडतात का, हे एकदा त्याला सरळ विचारा. मुलं आपणहून सांगत नाहीत. मोबाईलवर एखादा प्रसंग टिपता आला तर तो मला कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

रंगीत नकाशाचं शेवटी बोलायचं ठरवलं होतं, पण आत्ताच बोलतो. 'ब्रेन मॅपिंग' म्हणजे त्याच ईईजीच्या लहरींची बेरीज-वजाबाकी करून डोक्याच्या चित्रावर लाल-निळे रंग भरणं. संशोधनात त्याला जागा आहे. फाइनबर्ग यांचे आकडेही बेरजेतूनच आले. पण संगणकाला लहर कुठून आली ते कळत नाही. मुलानं डोळे मिचकावले की कपाळावर डेल्टा लाल होतो. मान ताठ ठेवली की बीटा, म्हणजे जलद लहर, वाढतो. पेंग आली की थीटा. आणि तुलना त्याच वयाच्या मुलांशी केली नाही, तर सगळ्या आकड्यांचा अर्थच बिघडतो. लक्ष न लागण्याच्या विकारासाठी थीटा आणि बीटा यांचं गुणोत्तर बघणारं एक यंत्र अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं होतं; त्यावर २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं स्पष्ट सांगितलं की निदानासाठी हे गुणोत्तर वापरू नये, कारण चुकीच्या निदानाचा धोका फार. गुणोत्तर वयाबरोबर आपोआप उतरतं. वर्षभर सिटिंग घ्या किंवा वर्षभर फुटाळा तलावावर फिरायला जा, आकडा त्याच दिशेला सरकायचा.

आता सकाळी न उठण्याबद्दल. किशोरवयात शरीरातलं घड्याळच मागे पडतं. झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. मेरी कार्सकॅडन यांनी यावर आयुष्य घालवलं आहे. दहाला दिवा मालवला तरी त्याला झोप अकरा-साडेअकराला येते, आणि सहाला व्हॅन दारात उभी. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. हिशेब तुम्हीच करा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगलाच, पण ज्यांचं घड्याळ सर्वांत मागे पडतं ती आठवी-नववी-दहावीची पोरं अजूनही अंधारात दप्तर उचलतात. सातवीपर्यंत आपणहून उठणारं मूल आठवीत उठेनासं झालं, तर आधी ते आळशी झालं असं धरून चालू नका.

काय करता येईल? फोन रात्री दुसऱ्या खोलीत. संध्याकाळनंतर चहा नाही. रविवारी फार तर दोन तास उशिरा उठू द्या, दुपारपर्यंत नाही, नाहीतर सोमवार आणखी अवघड जातो. उठल्याबरोबर गच्चीवर उजेडात दहा-पंधरा मिनिटं. संध्याकाळची एखादी शिकवणी कमी करता येत असेल तर ती करा. मला ठाऊक आहे, आठवीपासून फाउंडेशन बॅच लावायची आपल्या शहराला घाई झाली आहे. चार-सहा आठवडे एवढं पाळून बघा. झोप पुरेशी झाल्यावरही वर्गात लक्ष लागत नसेल, आणि घरी, शाळेत, खेळताना सगळीकडे तसंच असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसतज्ज्ञांकडे जा. तिथे बोलून, शिक्षकांचे अभिप्राय घेऊन निदान होतं. ईईजीनं होत नाही. घोरतो का, तेही बघा. मध्येच टक लावून दहा-पंधरा सेकंद हरवतो आणि हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही, असं होत असेल, किंवा वर सांगितलं तसे सकाळी हात उडत असतील, तरच ईईजीचा प्रश्न उठतो.

तसा पुन्हा करायची वेळ आलीच तर आदल्या रात्री डोकं धुवा, तेल लावू नका, रात्री थोडं जागवा म्हणजे तपासणीत झोप लागेल, आणि सकाळी पोटभर खायला घाला. झोप आणि जागेपण दोन्ही रेकॉर्डमध्ये यायला हवं. फॉर्मवर जन्मतारीख नीट लिहा, नुसतं 'वय १३' नको. आणि सातव्या वर्षीचा रिपोर्ट सोबत आणा. रंगीत नकाशाची फाइल घरी राहिली तरी चालेल.